चेंडू की हात?

फ्लोरिडा, १८ जुलै १९७२

एमिल, लेका,

इथे सकाळी सातलाच इतकं उकडतं की सरावाचा सदरा घालायच्या आधीच पिळून टाकावासा वाटतो. नदीनला समुद्र आवडलाय. ती पायात वाळू घेऊन घरभर फिरते आणि म्हणते, तुझा चेहरा कधी सुधारणार? मी तिला सांगितलं, कोच ऑस्ट्रँडर मेल्यावर.

चौदा वर्षं ज्या गावासाठी मी फुटबॉल खेळत बर्फात लोळलो, त्या गावाने मला फाटका सोफा काढून फुटपाथवर ठेवावा तसं बाहेर ठेवलं. ऑस्ट्रँडरला समोर येऊन सांगायची हिंमत झाली नाही. ऑफिसातल्या कारकुनाने फोन केला. ‘मिस्टर गॅरिटी, तुम्हाला पेलिकन्स संघाला विकलंय. तुमचे बूट कुठे पाठवू?’ बूट! मी सदतीस वर्षांचा झालोय एमिल, मेलो नाहीये.

माझा भाऊ पोर्ट कॅस्टरच्या पेपराची कात्रणं पाठवतो. म्हणे रोज अर्धं पान वाचकांसाठी ठेवलंय. स्टोकर्स संघाने गॅरिटीला काढून चेंडू फेकायला नवा क्वार्टरबॅक आणला हे बरोबर की चूक? न्हावी लिहितोय, पाद्री लिहितोय, शाळेतल्या स्वयंपाकघरातली बाईसुद्धा लिहितेय की माझा हात म्हातारा झाला. बाई, हात जागेवर आहे. कालच साठ यार्ड चेंडू फेकला.

आता मुद्द्याचं. गेल्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात आपण विजयापासून चार यार्डांवर होतो आणि चेंडू तुझ्या माझ्या मधल्या जागेत पडला. तुझ्याकडून तो नीट आला नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. दोन हंगाम अधूनमधून तसंच चाललं होतं. तुझे गुडघे गेलेत, मला दिसत होतं. मी कधी चकार शब्द काढला का? पत्रकारांना सांगितलं, चेंडू ओला होता. आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. असू दे. तुझ्यावर माझा राग नाही.

फक्त एवढं कर. पेपराला चार ओळी लिही. अकरा वर्षं सेंटर म्हणून तू वाकून दोन पायांमधून चेंडू मागे दिलास आणि मी तुझ्या बुडाखाली हात धरून तो घेतला. माझे हात नदीनपेक्षा तुला जास्त ठाऊक आहेत. त्या गावात न्हाव्याचं मत छापतात, मग तुझं का नाही? लिही की त्यांनी चूक केली.

व्हिल्माला आणि तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. म्हातारा अजून मला शिव्या देतो की नाही?

तुझा,
वेंडेल


पोर्ट कॅस्टर, ६ ऑगस्ट १९७२

वेंडेल,

बाबा तुला शिव्या देत नाहीत, त्यांनी आता तो मान ऑस्ट्रँडरला दिलाय. स्लोव्हाक क्लबात रोज संध्याकाळी दोन टेबलं लागतात, एक तुझ्या बाजूचं, एक नव्या पोराच्या बाजूचं, आणि मधून बिअर नेणारी बाई दोन्हीकडून बोलणी खाते. परवा ऑस्ट्रँडरची बायको खाटकाकडे सॉसेज घ्यायला गेली. त्याने सरळ सांगितलं, संपले. मागे खुंट्यांवर माळाच्या माळा लटकत होत्या. ती बिचारी माळांकडे बघत उभी राहिली आणि मग अंडी घेऊन घरी गेली.

पोराचं नाव प्रुएट. मला ‘सर’ म्हणतो. पहिल्या दिवशी मी म्हणालो, बाळा, तू जिथे हात घालणार आहेस तिथे सर-बिर काही नसतं. लाल झाला. हात मात्र इतके जोरात वर दाबतो की मला सायकलच्या सीटवर बसल्यासारखं वाटतं. फेकतो बरा. घाई करतो. तुझ्यासारखं लांबचं दिसत नाही त्याला अजून.

पेपरात मी लिहिणार नाही. मी यांच्याकडे खेळतो, यांचा पगार घेतो, आणि हंगाम तोंडावर आलाय. मला अडचणीत टाकू नकोस.

त्या चेंडूचं म्हणशील तर राहू दे. मी त्या दिवशी मैदानावर सगळ्यांसमोर हात वर करून म्हणालो होतो, माझी चूक. आजही कुणी विचारलं तर तेच सांगतो. आणखी काय हवं?

व्हिल्मा नदीनसाठी खसखशीचा रोल पाठवतेय. उन्हात टिकला तर खा.

एमिल


फ्लोरिडा, २ सप्टेंबर १९७२

एमिल,

रोलला बुरशी आली होती. तरी नदीनने कड कापून खाल्ला.

तुझं पत्र वाचून मला वाटलं, ऑस्ट्रँडर मागे उभा राहून सांगत असणार आणि तू लिहीत असणार. ‘अडचणीत टाकू नकोस.’ अकरा वर्षांची दोस्ती आणि चार ओळी लिहिता येत नाहीत! बरं. तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास, मग माझं मलाच बोलावं लागलं.

आपल्या पेपराचा तो क्रीडावाला, चष्मेवाला, त्याने फोन केला. मी बोललो. तुला कात्रण मिळालं असेलच. मथळा त्याने वाईट दिलाय, ‘चेंडू माझ्या हातात पोचलाच नाही’. मी असं म्हणालो नव्हतो. मी म्हणालो, क्वार्टरबॅक त्याच्या सेंटरइतकाच चांगला असतो, आणि एमिल ह्रुश्का माझा भाऊ आहे, पण त्याच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता. विनोद म्हणून म्हणालो. तू हसला असतास.

मनाला लावून घेऊ नकोस. लोक आठवडाभर बोलतील आणि विसरतील. मला मात्र तिथे माझं नाव स्वच्छ हवंय. माझ्या नावाची पाटी त्या गावातल्या रस्त्यावर आहे.

वेंडेल


पोर्ट कॅस्टर, २५ सप्टेंबर १९७२

वेंडेल,

मी हसलो नाही.

आम्ही पहिला सामना जिंकलो, दुसरा हरलो. दुसऱ्यात प्रुएट एकदा घसरला आणि चेंडू सुटला. माझा काही संबंध नव्हता. तरी अख्खं मैदान माझ्या नावाने ओरडत होतं. वेंडेल, अकरा हंगामांत त्या लोकांना माझं नाव माहीत नव्हतं! सेंटरचं नाव कुणाला माहीत नसतं. तो सरळ काम करत राहिला तर त्याची बायकोसुद्धा सामन्यात त्याला शोधत बसते. आता पोस्टमन विचारतो, गुडघे कसे आहेत. खाटकाने मला कोपऱ्यातला सुका तुकडा दिला आणि वर म्हणाला, गॅरिटी घालवलास तू आमचा. ऑस्ट्रँडरची बायको आणि मी आता एकाच रांगेत.

रविवारी चर्चबाहेर कुणीतरी बाबांना म्हणालं, तुमच्या पोराने गाव बुडवलं. तीस वर्षं कारखान्याच्या भट्टीपुढे काढलेला माणूस, कुणाचं ऐकून घेत नाही. पण ते टोपी चढवून चालू लागले. घरी येऊन मला विचारलं, ‘खरं आहे का रे?’ मी म्हणालो, हो बाबा, खरं आहे. ते टोपी हातात घेऊन बसून राहिले. जेवले नाहीत.

आणि ऑस्ट्रँडर पुढच्या वर्षीच्या माझ्या कराराचं नावही काढत नाही. दुसरा सेंटर सरावाला आणलाय. मला दुसरं काही येत नाही, तुला माहीत आहे. आणखी दोन वर्षं खेळायला मिळालं तर पुढचं बघता येईल. तू ती दोन वर्षं विनोदात घालवतोयस.

त्या चष्मेवाल्याला फोन कर. म्हण, बोलण्याच्या भरात बोललो, एमिलचा काही दोष नव्हता. एवढं बोल आणि विषय संपव. मी कारण सांगत नाही, तूही विचारू नकोस. फक्त फोन कर.

एमिल


फ्लोरिडा, १६ ऑक्टोबर १९७२

एमिल,

बाबांचं वाचून वाईट वाटलं. त्यांना माझ्या वतीने एक बाटली नेऊन दे.

पण फोन कशासाठी करू? तू स्वतःच हात वर करून चूक कबूल केली होतीस ना? मग मी तुझं म्हणणं खोडून काढू? तू त्या दिवशी मर्दासारखा पुढे आलास, मला तुझा अभिमान वाटला होता. आता लोक बोलू लागले तर तुला झोंबलं. मी तर गेले सहा महिने हेच खातोय.

इथे मी खेळतोय, ऐकलं असशील. दोन सामने जिंकून दिले. म्हाताऱ्या हाताने! इथला कोच भला माणूस आहे. पहिल्याच आठवड्यात माझं चालणं बघून म्हणाला, वेंडेल, तू सेंटरच्या मागे चिकटून उभा राहूच नकोस, पाच पावलं मागे राहा, पोरगा तुला चेंडू हवेतून देईल. लोक हसले. बाकी कुठे कुणी असं खेळत नाही. पण जमलं. सहा आठवड्यांत एक चेंडू सांडला नाही. एकही नाही. आता तूच सांग, दोष कुणाचा होता?

तीन डिसेंबरला तुमच्याकडे सामना आहे. जुन्या मैदानावर येतोय. ऑस्ट्रँडरला म्हणावं, बूट मी स्वतः घेऊन येतो.

वेंडेल


पोर्ट कॅस्टर, २४ ऑक्टोबर १९७२

वेंडेल,

पाच पावलं मागे. वा!

तुझं पत्र वाचून मी अंगणात जाऊन सगळी लाकडं फोडली. व्हिल्मा म्हणाली, हिवाळा दोनदा येणार आहे का? आता सांगतोच. तू नाटक करतोयस हे कळल्यावर मी कशाला गप्प बसू?

चेंडू बरोबर येत होता. सगळ्या वेळेला. तुझे हात तिथे नसायचे.

पहिल्यांदा झालं सत्तर सालच्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या आठवड्यात त्या डेट्रॉइटवाल्या राक्षसाने तुला पाठीवर आपटलं होतं आणि तू बराच वेळ उठला नव्हतास, आठवतं? त्यानंतर समोरचे धावून यायला टेकले की तू हात आधीच काढून घ्यायला लागलास. जरासेच. डोळ्याला दिसणार नाही इतके. वरच्या हाताचा दाब सुटायचा आणि मग माझा चेंडू रिकाम्या जागेत यायचा. कधी तू बोटांनी सावरायचास, कधी पडायचा. संघ सामन्याचा सिनेमा काढतो त्यात दिसत नाही, वर्तमानपत्राला दिसत नाही, स्टँडमधल्या लोकांना दिसत नाही, कारण मध्ये माझं बूड आहे. जगात एकाच माणसाला ते कळत होतं आणि तो माणूस खाली मान घालून उलटं जग बघत होता.

तू घाबरला होतास वेंडेल. त्यात लाज नाही, मीही घाबरतो. पण तू वेंडेल गॅरिटी होतास. आमचा क्वार्टरबॅक घाबरतो हे मी कुणाला सांगू? म्हणून प्रत्येक वेळी मी हात वर केला. माझी चूक, माझी चूक. दोन हंगाम.

फेब्रुवारीत ऑस्ट्रँडरने मला बोलावलं, दार लावलं आणि तीनच शब्द विचारले. ‘चेंडू की हात?’ मी म्हणालो, चेंडू. त्याने उठून दार उघडलं. मग म्हणाला, जा. दोन महिन्यांनी तुला विकलं. त्याला कळलं होतं. आणि ऐक, आता मनातलं सांगतो. त्याने बरोबर केलं. पेपरात लिहायला सांगत होतास ना? हेच लिहिलं असतं. संघाचं बरोबर होतं. तू हात काढत होतास.

आणि तुलाही माहीत होतं. म्हणूनच पाच पावलं मागे पळालास आणि तिथून मला दोष देतोस. माझ्या बापाला उपाशी ठेवून.

हे पत्र जाळ नाहीतर त्या चष्मेवाल्याला पाठव. मी कुठे सांगणार नाही. इतकी वर्षं नाही सांगितलं.

एमिल ह्रुश्का


फ्लोरिडा, १२ डिसेंबर १९७२

एमिल,

हे नदीन लिहितेय. वेंडेलचा उजवा खांदा प्लॅस्टरमध्ये आहे, म्हणून तो बोलतोय आणि मी उतरवून घेतेय. शिव्या मी गाळल्या आहेत. तुम्ही मनाने भरून घ्या.

एमिल, तू समोरच्या बाकाजवळ उभा होतास. तू पाहिलंस. मी आमच्या कोचला सांगितलं, आज पाच पावलं मागे नाही. पोर्ट कॅस्टरमध्ये मी सेंटरच्या मागे उभा राहणार, हात खाली, जसं तिथे चौदा वर्षं राहिलो. तो म्हणाला, वेड लागलंय का? मी म्हणालो, हो.

संपूर्ण सामना मी तसा खेळलो. तुमच्या पोरांनी मला धोपटलं. प्रत्येक वेळी ते येताना दिसत होते आणि मी माझ्याच हातांकडे लक्ष देत होतो. पुढे कोण मोकळा आहे ते बघायच्या ऐवजी मी माझे हात बघत होतो! आम्ही एकतीस-तीनने हरलो आणि शेवटच्या वेळी हाड मोडलं. मी पडलो तेव्हा स्टँडमधले लोक उठून उभे राहिले. टाळ्या वाजवल्या. मेलेल्या माणसासाठी वाजवतात तशा. डॉक्टर म्हणतो, आता फेकणं विसरा.

पण एकदाही हात काढले नाहीत. आमच्या सेंटरला विचार. नको, विचारू नकोस. बावीस वर्षांचं पोर आहे, मला आवडेल ते सांगेल. तुझ्यासारखंच.

आता नीट ऐक. मला माहीत नव्हतं.

मी आईची शपथ घेऊन सांगतो, मला माहीत नव्हतं. पाच पावलं मागे राहायची कल्पना माझी नव्हती. मी खरंच समजत होतो की तुझे गुडघे गेले. मी तुझ्यासाठी पत्रकारांशी खोटं बोलत होतो आणि मला वाटत होतं मी केवढा मोठ्या मनाचा! हात आपलं आपण काही सांगत नाहीत. कुणीतरी सांगावं लागतं. एकच माणूस सांगू शकत होता.

सत्तर सालच्या नोव्हेंबरात तू मागे वळून म्हणाला असतास, ‘गाढवा, हात काढू नकोस,’ तर मी तुला एक ठोसा मारला असता आणि दुसऱ्या दिवसापासून सरावाला लागलो असतो. पस्तीस वर्षांचा होतो. ती खोड सुटली असती. शंभर वेळा, हजार वेळा चेंडू घेतला असता. त्याऐवजी तू हात वर करत राहिलास आणि मी बिघडत राहिलो. तू मला वाचवत नव्हतास. तू तुझ्या गॅरिटीला वाचवत होतास, त्या रस्त्यावरच्या पाटीवर आहे त्याला. माझी काळजी कुणी केली?

ऑस्ट्रँडरने बरोबर केलं म्हणतोस. केलं असेल. कारकुनाकडून का होईना, त्याने मला कळवलं तरी. तू तेवढंही नाही.

पेपराला मी लिहिलंय. तुझा दोष नव्हता, हात माझे होते, असं स्पष्ट लिहिलंय. नदीनने टाईप केलं. बाबांना दाखव. ते मी तुझं देणं लागत होतो म्हणून लिहिलं. याच्यापुढे मला पत्र पाठवू नकोस.

(एमिल भाऊजी, तो बाहेर गेलाय. सामन्याला निघायच्या आदल्या दिवशी तो इथे भिंतीशी उभा राहून मला चेंडू द्यायला सांगत होता. दुपारभर. मी वाकून वाकून थकले. तुम्ही त्याला आधीच सांगायला हवं होतं. व्हिल्माला माझी आठवण सांगा. – नदीन)


पोर्ट कॅस्टर, ९ मार्च १९७३

वेंडेल,

पाठवू नकोस म्हणालास, तरी पाठवतोय. उघडायचं की नाही ते तू ठरव.

तुझं पत्र छापून आलं. बाबांनी दोनदा वाचलं आणि क्लबात नेलं. खाटक आता मला मधला तुकडा देतो. तू एवढं केलंस, त्याचं मी काय म्हणू? पुढचं वाचलंस तर कळेल.

गेल्या आठवड्यात ऑस्ट्रँडरने मला बोलावलं. या वेळी कारकून नाही, स्वतः. कॉफी दिली. म्हणाला, एमिल, तुझा करार पुढे करत नाहीये, तो नवा सेंटर घेतोय. मी म्हणालो, वेंडेलने तर लिहिलंय, दोष माझा नव्हता. तो म्हणाला, चेंडूचा प्रश्न नाही. चेंडू तू झोपेतही देशील. चेंडू दिल्यावर समोरच्याला अडवायला तुझे पाय दोन वर्षांपासून हलत नाहीत.

मी हसलो. म्हणालो, सामन्यांचा सिनेमा लावा, दाखवा, किती वेळा कोण माझ्यावरून गेला? त्याने लावला. खरंच कुणी गेलं नव्हतं. मी म्हणालो, बघा! तो म्हणाला, तू स्वतःला बघू नकोस. बाजूचे दोघं बघ.

माझ्या डाव्या बाजूला हेन्शॉ उभा राहतो आणि उजव्या बाजूला बिगेलो. तू ओळखतोस, दोघंही माझ्या घरी जेवून गेलेत, बिगेलोच्या पोरीचा मी धर्मपिता आहे. प्रत्येक डावाला दोघं अर्धं पाऊल आत सरकत होते. माझ्याकडे. माझा माणूस अडवून मग स्वतःच्या माणसामागे धावत होते. हेन्शॉला त्यामुळे वर्षभर बोलणी बसली, त्याचा माणूस सुटतो म्हणून. तो एकदाही काही बोलला नाही. मी स्वतः त्याला झापलं होतं वेंडेल, सगळ्यांसमोर, जागेवर राहा म्हणून. तो ‘सॉरी’ म्हणाला.

मी ऑस्ट्रँडरला विचारलं, त्यांनी मला सांगितलं का नाही? तो म्हणाला, तू एमिल ह्रुश्का आहेस म्हणून.

पेपरात या वेळी एकाही वाचकाचं पत्र नाही. बरोबर की चूक, कुणी विचारलं नाही. आठव्या पानावर दोन ओळी आल्या, त्यात आडनाव चुकलंय.

मी बाहेर आलो तेव्हा दोघं माझी वाट बघत उभे होते. बिगेलोने हात पुढे केला. तोंड इतकं गोड केलं होतं की मला त्याच्या नाकावर ठोसा मारावासा वाटला. गुडघ्यांना व्यायाम असतो, वजन कमी करता येतं, दोन वर्षांत मी काय काय करू शकलो असतो! मी त्याचा हात घेतला नाही. गाडीत बसलो आणि निघालो.

काल हेन्शॉची बायको केक घेऊन आली. व्हिल्माने घेतला. मी खोलीतून बाहेर आलो नाही. व्हिल्मा म्हणते, त्यांनी तुझ्या भल्यासाठीच केलं ना? मी म्हणालो, हो, भल्यासाठीच.

दोघांचेही फोन येतात. मी उचलत नाही. उचलणारही नाही.

एमिल